दांड्याची दोन बोटं

सिंधू गेली त्या सकाळी मी तिला खरं सांगणार होतो. दवाखान्यात कॉटशेजारी बसलो आणि म्हणालो, "तुला एक सांगायचं राहिलंय." ती म्हणाली, "अहो, आधी चहा पिऊन या. तोंड बघा कसं सुकलंय." मी गेलो. परत आलो तर नर्स पडदा ओढत होती... त्याला आता दोन महिने झाले.

मी कारखान्यात फिटर होतो. शिक्षण आठवी. लिहायची सवय नाही, पण हे पोटात ठेवून मरायचं नाही. भोपाळच्या टाउनशिपमधलं आमचं क्वार्टर आता मुलाच्या नावावर आहे, तोही त्याच कारखान्यात लागला. मागच्या आंगणात सिंधू मशीनच्या रिकाम्या पेट्यांची लाकडं फोडायची, बंबासाठी. विदर्भातल्या जंगलाकडची पोर, कुऱ्हाड तिला नवी नव्हती. एकदा मशीन बसवायला परदेशी साहेब आले. संध्याकाळी ते क्लबच्या मैदानावर नेम धरून फळीवर कुऱ्हाडी फेकायचे. ही भाजीची पिशवी घेऊन बघत उभी. एक दिवस हिनंही आंगणात पेटीची फळी उभी केली, कोळशानं गोल काढला, पावलं मोजून फरशीवर गेरूची रेघ मारली आणि सुरू! आधी कुऱ्हाड नुसती खण्णकन पडायची. मग रुतायला लागली. शेजारच्या मिश्राभाभी भिंतीवरून मला म्हणायच्या, "भाईसाब, आजकल आपकी आवाज़ नहीं आती?" सिंधू म्हणायची, "आती है ना भाभी, पर लकीर के पीछे से."

त्या वर्षी क्लबनं वार्षिक खेळांत ही स्पर्धा ठेवली. बायकांत हिचं एकटीचं नाव, बाकी सगळे गडी. पहिल्या दिवशी ही सगळ्यांच्या पुढे. शेवटची फेरी दुसऱ्या दिवशी होती. मला छाती फुगवून हिंडायला हवं होतं, पण मला लाज वाटली. क्लबवर जाता-येता सायकलला अडकवलेल्या पिशवीतून कुऱ्हाडीचा दांडा बाहेर दिसायचा आणि गेटवर लोक म्हणायचे, "क्यों दादा, भाभी ने आज छोड़ दिया?" घरी आलो आणि तिला न विचारता दांडा दोन बोटं कापला. कानस मारली, कापलेलं दिसू नये म्हणून तेल चोळलं. आता पिशवीत नीट बसला. दोन बोटांनी काय होतंय, असं वाटलं. फिटर असून असं वाटलं!

दुसऱ्या दिवशी तिन्ही वेळा कुऱ्हाड हवेत लवकर फिरली आणि पात्याऐवजी बोथट बाजू फळीवर आपटली. लोक हळहळले. ती म्हणाली, "हात चुकला." कॅरियरवर बसून घरी आली, पिशवी मांडीवर. मी बोललो नाही. साहेब परत गेले, ती स्पर्धा पुन्हा काही झाली नाही. ही मात्र आंगणात फेकत राहिली, आणि आठ दिवसांत कुऱ्हाड पहिल्यासारखी रुतायला लागली. मी म्हटलं, हाताला सवय झाली. सुटलो आपण. त्याच सुमाराला तिनं रेघेमागे गोणपाट अंथरलं. म्हणाली, फरशी गार लागते. एक फाटलं की दुसरं, म्हातारपणी फेकणं सुटलं तरी गोणपाट तिथंच. आणि दर दिवाळीला ती रेघेवर गेरू फिरवायची.

मागच्या आठवड्यात आंगण धुवायला काढलं. गोणपाट उचललं तर खाली आणखी एक रेघ. पुसट. पहिली. मी वाकून हातानं मोजलं, वीतभर मागे होती. दांडा आखूड झाला की कुऱ्हाड लवकर फिरते, मग तेवढं पुढे उभं राहावं लागतं. तिला त्याच आठवड्यात कळलं होतं. तिनं रेघ पुढे घेतली आणि जुनी झाकून टाकली, माझ्या नजरेला पडू नये म्हणून. मी इतकी वर्षं गप्प होतो आणि ती माझं गप्प बसणं सांभाळत होती...

गोणपाट धुऊन वाळवलं, परत अंथरलं नाही. या दिवाळीला गेरू मी लावला, दोन्ही रेघांना. संध्याकाळी मागच्या रेघेपाशी खुर्ची टाकतो. सून चहा आणून देते. तो आधी पितो. मग फळीकडे बघत जे सांगायचं ते सांगतो.