कानाकडे बघणारे सर

समोरच्या सरांमुळे माझे डोळे वाचले, हे आधी सांगून टाकते. काय झालं ते मग. एकदा सरांबद्दल बोलायला लागलं की मूळ गोष्ट राहूनच जाते, असा आमच्या गल्लीचा अनुभव आहे. सुरतेच्या आमच्या भेस्तानात माणसं भेटली की कारखाना चालू आहे का विचारतात, गावाकडची खुशाली विचारतात. सर डोळे विचारतात. माणूस जन्माला येतो तो दोन डोळे इकडून तिकडे सांभाळून न्यायला, आणि हातपाय त्याला त्याच कामासाठी दिलेले असतात, असं त्यांचं मत असावं. महापालिकेच्या मराठी शाळेत त्यांनी सगळे विषय शिकवले आणि निवृत्त झाल्यावर हा एकच ठेवला. डोळ्यांच्या रोगावर जगात कुठेही काही नवीन निघालं की पुण्याची त्यांची लेक ती बातमी मोबाईलवर पाठवायची, आणि संध्याकाळी ती आमच्या नळावर पोचलेली असायची.

ज्या आठवड्यात काचबिंदूची बातमी यायची त्या आठवड्यात गल्लीत सगळ्यांना काचबिंदू असायचा. पुढच्या आठवड्यात तो बरा होऊन सगळ्यांचे डोळे कोरडे पडायचे. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा फोटो काढून साखरेचा त्रास कुठवर गेलाय ते आता कॉम्प्युटर सांगतो, हे कळलं तेव्हा त्यांनी घरच्या काकूंना तर दवाखान्यात नेलंच, पण कोपऱ्यावरच्या जिलेबीवाल्यालाही सोबत चल म्हणून तासभर समजावलं. कोणी डोळा चोळताना दिसलं की वर्गात ओरडावं तसे ते ओरडायचे, "हात खाली!" त्यासरशी सगळ्या गॅलरीचे हात खाली यायचे. एकदा आमचे हे दोरीवर चादर टाकत होते, त्यांचेही आले. चादर खालच्या मजल्यावर गेली.

आणि एवढं सगळं डोळ्यांचं बोलताना सर बघायचे मात्र कानाकडे. समोरच्याच्या तोंडाकडे म्हणून कधी बघायचे नाहीत. मान जराशी वळवून, नजर तुमच्या कानावर ठेवून बोलत राहायचे. नवीन माणूस हळूच कान चाचपून बघायचा. मी तर पहिले काही दिवस त्यांच्याकडे जाण्याआधी कान धुवून जात होते. भाजीवाली त्यांना तोंडावर विचारायची, "साहेब, मारो कान जुओ छो के रींगण?" माझा कान बघताय की वांगं, असं. सर म्हणायचे, दोन्ही ताजी आहेत. एकदा तर साडीच्या दुकानाबाहेरच्या पुतळ्याजवळ उभं राहून, ताई, जरा पापण्या मिटत जा, एकटक बघू नये, असं त्यांनी त्याला बराच वेळ सांगितलं. आम्ही पोट धरून हसलो. सरही हसले, पण थोडे उशिरा.

मी शिरपूरकडची. आठवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं आणि सुरतेला आले. हे लूमवर जातात, मी घरी साड्यांवर खडे चिकटवते. आमच्या खोलीत उजेड नाही म्हणून काकूंनी मला त्यांच्या गॅलरीत बसायला सांगितलं होतं, आणि त्या जागेचं भाडं म्हणून सरांनी माझ्याकडून रोज बातमी वाचून घ्यायची असं ठरवून टाकलं. ते स्वतः वाचायचे नाहीत. जन्मभर दुसऱ्यांकडून धडे वाचून घेतलेत, आता सवय मोडत नाही म्हणायचे. मोबाईलमधली बाई वाचून दाखवते, पण ती आंधळेपणा आणि हवामान एकाच सुरात सांगते, म्हणून त्यांना ती चालायची नाही. मला मात्र लाज वाटायची. मी अडखळत वाचायची. सर काही बोलायचे नाहीत, फक्त एका रोगाची बातमी असली तर ती शेवटी ठेवायला सांगायचे. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधलाच भाग झिजत जातो, तिथे नव्या पेशी लावता येतील का याचे प्रयोग चाललेत, अशा त्या बातम्या असायच्या. त्या बहुतेक एकाच वाक्याने संपायच्या: याबाबत अधिक संशोधनाची गरज आहे. मला वाटायचं, झालं, म्हणजे काहीच नाही. सर मांडीवर थाप मारून म्हणायचे, "म्हणजे चालू आहे. बंद पडलेलं नाही."

त्या दिवसांत माझ्या साड्या परत यायला लागल्या होत्या. खड्यांची ओळ वाकडी जाते म्हणून काम वाटणाऱ्या भाभीने दोनदा गठ्ठा परत टाकला आणि आता वाकडं आलं तर काम दुसरीला देईन म्हणाली. मला ओळ सरळच दिसायची. म्हणजे दिसायच्या दोन. त्यातल्या सरळ ओळीवर मी खडा ठेवायची. दिव्याला शेपट्या फुटलेल्या दिसायच्या. मी कोणाला सांगितलं नाही. डोळे गेले तर काम जाणार, काम गेलं तर घर एकट्या यांच्यावर, आणि मग मला गावी पाठवतील, तिथे मी आंधळी म्हणून कोपऱ्यात बसेन, इथवर माझा विचार रोज जाऊन यायचा.

एका संध्याकाळी वाचता वाचता सरांनी मला थांबवलं. म्हणाले, "शाळा लवकर सुटलेली मुलं जोडाक्षराला अडखळतात. तू 'संशोधन' नीट म्हणतेस आणि 'आणि' पाशी थांबतेस. तू शब्दाला अडखळत नाहीस पोरी, ओळीला अडखळतेस. अक्षरं दिसतात कशी तुला?"

मी सांगितलं, अक्षराला सावली असते तशी. सगळ्यांना दिसतात तशीच.

"सगळ्यांना नाही दिसत," सर म्हणाले. काकू आतून बाहेर आल्या. मला वाचता येत नाही म्हणून ते इतके दिवस गप्प आहेत असं मला वाटत होतं. ते ऐकत होते.

यांनी ऐकल्यावर आधी हसून घेतलं. मागच्याच आठवड्यात सरांनी मला काचबिंदू सांगितला होता, त्यामुळे कोण खरं मानणार? शिवाय दवाखान्यात गेल्याचं भाभीच्या कानावर गेलं तर काम तसंही जाईल. मलाही तेच वाटत होतं. पण सर दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. यांना म्हणाले, "माझं आजवरचं सगळं चुकलं असेल. हेही चुकलं तर मी डोळ्यांवर बोलणं सोडीन. मग तर पाठवशील?" ही लालूच मोठी होती. हे म्हणाले, "जाय, सरांसोबत जाय."

धर्मादाय दवाखान्यात डॉक्टरबाई तरुण होत्या. सरांनी खुर्चीत बसल्याबरोबर त्यांना जगातले नवे शोध सांगायला सुरुवात केली, आणि बघत होते अर्थातच त्यांच्या कानाकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाईंनी कानाला हात लावला नाही. त्यांनी एकदा सरांकडे नीट पाहिलं, खुर्ची थोडी बाजूला सरकवली, नेमकी सरांच्या नजरेच्या कडेला, आणि अगदी हळू विचारलं, "सर, मधलं किती वर्षांपासून दिसत नाही?"

"बरीच झाली," सर म्हणाले. "आज माझं नको. हिचं बघा."

तेव्हा मला पुतळा आठवला, उशिराचं हसू आठवलं, आणि शेवटी ठेवायची ती बातमी कोणाची होती ते कळलं. सरांनी समोरचं माणूस नजरेच्या मधोमध धरलं की ते नाहीसं होतं. कानाकडे बघितलं तर कडेने चेहरा थोडा हाताशी येतो. काकूंना माहीत होतं. गल्लीला कळू द्यायचं नव्हतं, कारण मग सगळ्यांनी सरांनाच डोळे कसे आहेत विचारलं असतं.

माझ्या डोळ्यांचा मशीनने नकाशा काढला. एखाद्या साडीच्या डिझाइनसारखा रंगीत, आणि खालच्या बाजूला लाल डाग. बुबुळावरचं पारदर्शक आवरण पातळ होऊन शंकूसारखं पुढे येत होतं. चोळून चोळून मी ते वाढवत होते. पूर्वी यात फार काही करता येत नसे, खूप बिघडलं की बुबुळ बदलायचं. आता वेळेवर आलं तर एक औषध थेंब थेंब घालून त्यावर निळा उजेड सोडतात, आवरण घट्ट होतं आणि रोग तिथेच थांबतो. गेलेलं परत येत नाही, पण पुढचं जात नाही. बाई म्हणाल्या, वेळेवर आलात. सर म्हणाले, "हिला तीही बातमी मी वाचायला लावली होती," आणि खरंच, मीच ती अडखळत वाचली होती.

निळ्या उजेडाखाली मी होते तेव्हा सर बाहेर माझ्या चपला मांडीवर घेऊन बसले होते. चोरीला जातात म्हणे. नंतरचे काही दिवस डोळ्यांतून नुसतं पाणी आणि आग. काकू हाताने भरवायच्या. मला करमावं म्हणून सर शेजारी येऊन बसायचे. त्यांना वाचून तर दाखवता येत नव्हतं, म्हणून माझ्याकडून ऐकलेल्या बातम्या ते तोंडपाठ म्हणून दाखवायचे. मी जिथे जिथे अडखळले होते तिथे तिथे तेही थांबायचे. मिटल्या डोळ्यांनी मला हसू यायचं, आणि त्याने आग जास्त व्हायची.

आता डॉक्टरबाईंनी दिलेली लेन्स लावली की अक्षराला सावली नसते. ओळ एकच असते. भाभी गठ्ठा देते आणि परत आणत नाही. सरांचा एक अंदाज खरा निघाल्यामुळे गल्लीवर मोठा प्रसंग ओढवला आहे. आता ते जे म्हणतील ते रोग सगळ्यांना मुकाट्याने मान्य करावे लागतात. मी रोज वाचते, भरभर वाचते, आणि त्यांची बातमी शेवटी ठेवते.

परवा वाचून झाल्यावर सर माझ्या कानाकडे बघत म्हणाले, "तुझा चेहरा मी कडेकडेने सगळा पाहिलाय. मधला तेवढा राहिलाय."

नुकत्याच वाचलेल्या बातमीतही अधिक संशोधनाची गरज होतीच. पण चालू आहे, बंद पडलेलं नाही. ज्या दिवशी ते पुरं होईल त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून मी सरांच्या दारात उभी राहीन, त्यांना घेऊन जाईन, आणि आतलं होईतोवर त्यांच्या चपला मांडीवर घेऊन बाहेर बसेन. मग पट्टी निघाली की पहिल्यांदा त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहीन. तो राहिलेला मधला चेहरा सरांना दाखवायचा आहे, एवढं माझ्याकडून त्यांचं देणं.