मोजणीला चार माणसं

वीसेक वर्षं झाली असतील. कोरेगावच्या बाजाराला जायला मी हिवरमाळच्या रेल्वे थांब्यावर बसले होते. तिकीटखिडकीच्या आत अर्जुना आणि मिलिटरीतून सुट्टीवर आलेला त्याचा थोरला भाऊ लालासाहेब भांडत होते.

"तोट्यातली गाडी हाय ही. सरकार किती दिस पोसंल रं?" लालासाहेब म्हणाला.

"आन् म्होरला डांबरी रस्ता नफ्यात हाय व्हय? त्याला न्हाई कोण इचारत."

"तुला पगार तरी हाय का?"

"तिकिटामागं दलाली मिळती."

"मंग तुज्यापरीस आपली शेळी बरी."

मी पदराआड हसले. शेळी खरंच बरी होती, दोन वेळचं दूध द्यायची.

अर्जुना रेल्वेचा नोकर नव्हता, थांब्याचा एजंट होता. आठवड्याला कोरेगावहून पुठ्ठ्याची तिकिटं आणायची आणि सकाळ-संध्याकाळच्या पॅसेंजरला विकायची. फलाट झाडायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी झाडायचा. कोरेगावला जाताना स्वतःचंही तिकीट काढायचा. बाहेर येऊन खिडकीतून पैसे आत ठेवायचे, मग आत जाऊन तारखेचा ठसा मारायचा. आम्ही बाया हसायचो.

आम्ही कुठं तिकीट काढत होतो? "आवं मावशी, तिकीट!" म्हणून तो ओरडायचा. "उद्या काढते रं बाबा," म्हणत मी डब्यात. निम्मा गाव असाच. अर्जुना घरचाच की.

गेल्या साली कागद आला. थांब्यावर माणूस चढत नाही, साहेब एक दिवस मोजतील, नाहीतर थांबा बंद. अर्जुना घरोघर फिरला. "सोमवारी समदी या. काम नसलं तरी कोरेगाव बघून या. तिकिटाचं मी बघतो, पर या."

सोमवारी चाळीसेक माणसं लग्नाला निघाल्यासारखी निघाली. मी ठेवणीतलं लुगडं नेसले होते. वळणावरून फलाट दिसला. तिथं तीन साहेब उभे, हातात कागद, एकाच्या अंगात काळा कोट. पुढून कुणीतरी म्हणालं, "चेकिंग!"

झालं. मोजायला आलेली माणसं ही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण इतक्या वर्षांचे पाय, काळा कोट दिसला की वळायचेच. बांधावरून डांबरी रस्ता आणि रस्त्यावरून वडापची, शिटं भरून नेणारी जीप. माझा गुडघा एरवी उठू देत नाही, त्या दिवशी पळाला.

साहेबांनी चार माणसं मोजली. त्यातला एक, आता पेन्शनीवर घरी आलेला लालासाहेब होता. तिकीट काढून उभा होता.

संध्याकाळी अर्जुना दारावरून गेला. "गुडघा कसा हाय, मावशी?"

"बरा हाय," म्हटलं.

थांब्याच्या शेवटच्या दिवशी उरलेली तिकिटं आणि ठशाचं यंत्र कोरेगावला जमा करायचं होतं. मी सकाळीच जाऊन बसले. त्यानं फलाट झाडला. बाहेर येऊन खिडकीतून पैसे आत ठेवले, आत जाऊन ठसा मारला.

मी पैसे पुढं केले. "मला बी दे. जाऊन-येऊन."

"जायाचंच घ्या, मावशी. सांजची गाडी हितं थांबनार न्हाई."

गाडी आली, थांबली. तो तिकिटांची नि यंत्राची पेटी मांडीवर घेऊन बसला, मी समोर. कोरेगावात त्यानं पेटी खिडकीतून आत दिली, कागदावर सही घेतली आणि बाहेर पडताना फाटकावरच्या माणसाला आपलं तिकीट दाखवलं.