रोज तेच पान

ये गं पोरी, मनाने तरी जवळ बस. इथे असतीस तर आधी कानच धरला असता. आठवड्यातून एकदा मोबाईलवर ‘मी मजेत’ एवढंच टाकतेस, त्यावरून मी काय समजायचं?

पंचवीस वर्षांपूर्वीचं ऐक. वसई पूर्वेला बाटल्यांची झाकणं बनवणारी कंपनी होती, तिथे मी बिलं करायचे. इंटरनेट नवीनच आलेलं. अख्ख्या ऑफिसला टेलिफोनची एकच लाइन, तीही सारखी तुटायची. पॅकिंगमधली माझी अर्नाळ्याची मैत्रीण जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी यायची. तिचा लेक परदेशी जाणाऱ्या मालवाहू बोटीवर नोकरीला होता, त्याची मेल मी तिला वाचून दाखवायचे. “बाय, तुजं पान उघडंपर्यंत आमची होडी दोनदा येऊन जाईल,” म्हणायची.

मग तिच्या नवऱ्याला लकवा झाला. तिने माझ्याकडून लेकाला मेल लिहून घेतली: बाप आजारी आहे, ये.

त्याच आठवड्यात साहेबांनी मुंबईहून इंजिनिअर आणला. त्याने एक वेगळा कॉम्प्युटर बसवला. एकदा उघडलेलं पान तो आपल्याजवळ साठवायचा आणि पुन्हा मागितलं की झटकन दाखवायचा. सगळे खूश! मेलचं पानही लगेच उघडायला लागलं. रोज उघडायचं, आणि रोज नवीन काही नाही.

“परत लिहू का गं?” मी विचारायचे.

“नको. एकदा लिवलं ना? बापासाठी भीक नाय मागनार.” आणि पोराला अशा शिव्या घालायची, की ऐकवत नसे. घरी नवरा दाराकडे तोंड करून पडून असायचा. तसाच गेला.

पुढे तो कॉम्प्युटर बिघडला, काढून ठेवला. परत आपली जुनी रडतखडत चालणारी लाइन. मी मेल उघडली, तर पोराची तीन पत्रं. ‘बाबा कितपत आजारी आहेत? कळवा, मी पुढच्या बंदरात उतरतो.’ मग, ‘उत्तर का नाही?’ शेवटी, ‘म्हणजे बरे असतील. पुढच्या फेरीला जातोय.’ इंजिनिअर फोनवर म्हणाला, “मॅडम, तुम्ही रोज त्या कॉम्प्युटरने साठवलेलं पहिल्या दिवसाचंच पान बघत होतात.”

मी तिला सगळं वाचून दाखवलं. “म्हंजे तो इचारत होता?” ती म्हणाली. “आनि ह्यांना मी सांगितलं, पोरगा इसरला.” डबा तसाच उचलून पॅकिंगला गेली. नंतर कधी सुट्टीत माझ्याकडे आली नाही.

तुझं ‘मजेत’ लगेच येतं गं. पण बाई, ते आजचं की मागचंच, मला काय कळणार? सुकेळी आणून ठेवलीत, आपली वसईची वाळवलेली केळी. लवकर ये, तोंड दाखवून जा.