घारीचा पंख, वाघळाचा पंख

घार वर वर जायला लागली की मी अजून मान दुखेपर्यंत बघत राहते. आणि संध्याकाळी पंचगंगेच्या घाटावरून वटवाघळं निघाली की बाबा आठवतात.

नववीत असताना शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही घार आणि फळं खाणारं मोठं वटवाघूळ यांचे पंख लाकडात केले होते. आम्ही म्हणजे बाबांनीच. ते शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत ओतकामाचे लाकडी साचे बनवायचे. मी नुसती पुस्तक धरून बसायची आणि चुका काढायची. वाघळाचा पंख म्हणजे हाताचा पंजाच, लांबलचक बोटांवर ताणलेली कातडी, असं मी वाचून दाखवलं. बाबांनी मापासाठी स्वतःचा डावा हात कागदावर ठेवला आणि उजव्या हातानं भोवती पेन्सिल फिरवली. मग बोटं कोरून त्यांवर जुन्या छत्रीचं कापड ताणलं. पंख इतका हुबेहूब झाला की आई त्याला हात लावेना.

प्रदर्शनात परीक्षकांनी बोटं मोजली. हवी होती पाच, भरली चारच. बाबांची डाव्या हाताची तर्जनी करवतीत गेली होती. घरात आम्हाला त्या हाताची इतकी सवय, की मोजायचं सुचलंच नाही. लोकांत मात्र तो हात कायम खिशात असायचा. आताही बाबा तसेच दाराशी उभे होते, मान खाली घालून.

"करणाऱ्याला साधं मोजता येत नाही का?" परीक्षक म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "सर, घारीला तर तीनच बोटं, तीही एकमेकांत जुळलेली. तरी ती पंख न हलवता वर जाते. वाघळाला पाचच्या पाच असून जन्मभर फडफडावं लागतं."

वाघळावर मी जरा अन्यायच केला. परीक्षकांनी गुण कापले ते कापलेच.

येताना बाबांनी रंकाळा तलावाच्या काठी स्कूटर थांबवली. भेळ सांगितली. मग म्हणाले, "घारीचं त्ये खरं हाय व्हय गं?"

मी म्हटलं, पुस्तकातच दिलंय की.

भेळवाल्यानं पुडा पुढं केला. भेळेच्या गाडीभोवती ही गर्दी होती. बाबांनी तो डाव्या हातानं घेतला. मला रडू आवरेना, आणि त्यांना वाटलं, भेळ तिखट झालीय.