मंगळवारपासूनचा गोल्फ

आमच्या खराडीच्या ऑफिसात क्लायंटला 'नाही' म्हणण्याची पद्धत नव्हती. अमुक सॉफ्टवेअर येतं का, असं तो अमेरिकेहून फोनवर विचारी. आम्ही 'येस' म्हणत असू आणि त्यावरचं पुस्तक आणायला संध्याकाळी कोणीतरी अप्पा बळवंत चौकात जात असे. काम वेळेवर होई, त्यामुळे त्यात कोणाला गैर वाटत नसे.

एका सोमवारी कामाचं बोलून झाल्यावर क्लायंटने विचारलं, "तुमच्यात गोल्फ कोण खेळतं?"

"येस," आमचा टीम लीड सवयीने म्हणाला.

क्लायंट खूश झाला. शुक्रवारी तो पुण्यात येणारच होता. सकाळी सरावाला जाऊ, म्हणाला. सहा महिन्यांसाठी अमेरिकेला कोणाला न्यायचं, हे याच भेटीत ठरणार होतं. लीड दोन वर्षं त्याचीच वाट पाहत होता.

"तू गोल्फ खेळतोस?" फोन ठेवल्यावर मी विचारलं.

"शुक्रवारी खेळतो."

तो बिबवेवाडीचा, टेनिस बॉलच्या क्रिकेटवर वाढलेला. मंगळवारी सकाळी आम्ही स्कूटरवरून ड्रायव्हिंग रेंजवर गेलो. चटईवर उभं राहायचं आणि बादलीतला एकेक चेंडू समोरच्या मोकळ्या मैदानात मारायचा, एवढंच तिथलं काम. शिकवणारे गृहस्थ साठीचे, जवळच्याच गावचे. लीडने पहिला चेंडू मिडविकेटला भिरकावला. तो बाजूच्या जाळीत अडकला.

"साहेब, तिकडं फिल्डर नाय," गृहस्थ म्हणाले. "मान खाली ठिवा. चेंडू कुठं पळत नाय, तिथंच हाय."

होताच. पुढच्या दोन फटक्यांनंतरही तो तिथंच होता.

बुधवारी चेंडू वीसेक पावलं सरपटला. गुरुवारी एक चेंडू शंभर यार्डांच्या पाटीला जाऊन लागला. तो नक्की कोणत्या फटक्याने गेला, हे लीडला सांगता येईना. ऑफिसात मात्र त्याने ऐंशी टक्के काम पूर्ण झाल्याचं जाहीर केलं.

शुक्रवारी ऑफिसच्या गाडीने आम्ही तिघं गेलो. क्लायंटचा पहिला चेंडू पाटीवरून पलीकडे गेला. लीडचा पहिला फटका हवेत, दुसरा जाळीत. गृहस्थांना राहवलं नाही.

"आज मान लई वर हाय, साहेब. पर घाबरू नका. तीन दिवसांत एवढंच येतं."

ते काय म्हणाले, असं क्लायंटने इंग्रजीत विचारलं. मी चटईकडे पाहिलं. लीडने शब्दाला शब्द भाषांतर करून सांगितलं.

"तीन दिवस?"

"येस."

क्लायंट काठीवर रेलला. "आणि बिलिंगचं जे काम तुम्ही करताय, ते सॉफ्टवेअर कधीपासून येतं?"

"तीन आठवडे झाले."

क्लायंटने बादलीतले उरलेले चेंडू शांतपणे मारून संपवले. परतताना गाडीत फक्त ड्रायव्हर बोलला, तेही खड्ड्यांबद्दल.

सोमवारी मेल आली. लीडची निवड झाली होती. काम वेगळं होतं: पुण्याहून येणारा प्रत्येक 'येस' तपासून पाहायचा. आम्ही त्याचं अभिनंदन केलं, पेढे खाल्ले.

तो गेल्यानंतरच्या आठवड्यात मी एका प्रश्नाला नेहमीप्रमाणे 'येस' लिहून पाठवलं. लीडचं उत्तर दहा मिनिटांत आलं. त्यात एकच शब्द होता.

"कधीपासून?"

मी पुस्तक आणायला निघालोच होतो.