दव वाळेपर्यंतची शाळा

गुणामावशीने कधी कुणाचं दार वाजवलं नाही. ती अंगणातूनच भांडायला सुरुवात करायची आणि भांडतभांडत चुलीपाशी येऊन बसायची. आसेगावातल्या कापूस वेचणाऱ्या बायांची ती म्होरकी. माझी आई गेल्यावर आमच्या घरी तिच्या फेऱ्या वाढल्या.

आपला भाग तेव्हा मध्यप्रदेशात होता. वेचणी लागली की मुलींची शाळा सुटायची. एकदा पंचायतीत उभं राहून मावशी म्हणाली, "दवानं ओला कापूस कोनी वेचते काय? दव वाळेपावतर पोरी शाळेत बसू द्या ना!" शेतवाले कबूल झाले. गुरुजी भला माणूस. वेचणीपुरती शाळा भल्या सकाळी भरू लागली. दोन हंगाम मी आणि मावशीची शांता शाळेतून थेट वावरात गेलो. कमरेला ओटी बांधून पाढे म्हणत वेचायचो. अडखळायचे ती मीच. शांता कधी नाही.

मग वरून हुकूम आला. सगळ्या शाळांची वेळ एकच, अकरा ते पाच. गुरुजींनी अर्ज केला; उत्तर आलं नाही. दिवाळीनंतर चौथीत मुली म्हणून आम्ही दोघीच उरलो, आणि एक दिवस बाबांनी माझंही दप्तर खुंटीला टांगलं.

मावशी अंगणात आली. "काहून रे किसना, पोरीले घरी कायले ठेवलं?"

"मजुरीबिगर भागत नाई, गुणाबाई."

"मंग हिच्या जागी माही शांता वेचन. मजुरी तुह्या घरात."

"अन् शांताची शाळा?"

त्या दिवशी मावशी चुलीपाशी आली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "तिले तिची माय हाये. हिले कोन हाये?"

शांता तिच्या मागेच उभी होती. दुसऱ्या दिवशी तिने आपली पाटी आणून दिली, माझी फुटकी होती म्हणून. मी ती घेतली.

पुढे मी मंगरूळपीरला शिकले, शिक्षिका झाले. नेमणुकीचा कागद घेऊन गावी आले, तर मावशीच्या घराला कुलूप. त्या साली पीक बुडालं होतं. मायलेकी कामाच्या शोधात निघून गेल्या होत्या.

"कुठं गेल्या?" मी शेजारणीला विचारलं.

"कोनाले सांगून जाते काय मानूस!"

अजूनही शेलूबाजारला मोटार थांबली आणि वेचणीच्या बायांचा घोळका दिसला, की मी खाली उतरते. मावशी आता असायची नाही. मी शांताला शोधते. भेटली तर काय बोलायचं, ते मात्र अजून ठरलेलं नाही.