गल्लीतला चुन्याचा क्रूस

आमच्या तळ्यावर पहाटे धुके उतरले की पलीकडचा काठ नाहीसा होतो. मग पाणी कुठे संपले आणि आकाश कुठे सुरू झाले हे कोळ्यांनाही सांगता येत नाही. वेर्ना हॅल्वर्सनला कुणी विचारले की बाई, साऱ्या मेक्सिकोत हेच गाव का निवडलेत, तर ती तळ्याकडे बोट करायची. तिच्या मुलखात, कॅनडाच्या सपाट गव्हाळ प्रदेशात, हिवाळ्यात बर्फ पडून जमीन आणि आकाश असेच एक होऊन जातात म्हणे. "तेच इथेही आहे," ती म्हणायची, "फक्त इथे थंडीने बोटं गळून पडत नाहीत."

ती आणि तिचा नवरा ऑरिन निवृत्त होऊन इथे आले. तिकडे ती एका लहानशा गावात पोस्ट सांभाळायची, तो आगगाडीच्या रुळांवर काम करायचा. बाकीचे परदेशी लोक टेकडीवर, उंच भिंतींच्या आत राहतात. या दोघांनी आमच्या दगडी गल्लीत, माझ्या घराच्या अगदी समोर, घर घेतले. वेर्ना उंच, हातांवर तपकिरी ठिपके, आणि चालताना पाय असे टाकायची की जणू खाली अजून बर्फ आहे. ग्वादालाहारा शहरातल्या ख्रिस्ती जोगिणींनी मला शाळेत इंग्रजी शिकवले होते. आयुष्यभर ते कपाटात पडून राहिले, आणि या दोघांमुळे म्हातारपणी बाहेर निघाले.

दर हिवाळ्यात टेकडीवरचे नवे पाहुणे वेर्नाच्या अंगणात येऊन बसायचे. मेक्सिकोत कायमचे राहायला यावे की नाही, हा एकच प्रश्न. वेर्ना त्यांना लिंबाचे सरबत द्यायची आणि खरे सांगायची. चांगले काय, तर जानेवारीत गुलाब फुलतात. डॉक्टर घरी येतो आणि तपासून झाल्यावर कॉफीला बसतो. म्हाताऱ्यांना कुणी आतल्या खोलीत लपवून ठेवत नाही. वाईट काय, तर संतांच्या सणाला पहाटे चारला दारूकामाचे बाण उडतात आणि संतांना तोटा नाही. कुत्री गच्चीवर राहतात आणि रात्रभर भुंकतात. राहण्याचा परवाना मिळेपर्यंत माणूस रांगेतच म्हातारा होतो. आणि तोंडावर 'नाही' कुणी म्हणत नाही. नळ दुरुस्त करणारा 'उद्या येतो, देवाची इच्छा' म्हणाला म्हणून ऑरिन एकदा किती दिवस खिडकीत बसून राहिला होता. शेवटी मीच त्याला सांगितले, "अहो, यायचं नव्हतं म्हणूनच तो 'येतो' म्हणाला. 'येत नाही' असं तोंडावर म्हणणं बरं दिसतं का?" ऑरिन इतका हसला की त्याला चष्मा पुसावा लागला.

सगळ्यात वाईट गोष्ट ती शेवटी सांगायची, आणि ती सांगताना सरबताच्या भांड्याकडे बघायची. नातवंडे फोनच्या काचेत मोठी होतात. काचेला वास नसतो.

नोव्हेंबरात पांढरे पेलिकन येतात. ते तिच्याच मुलखातल्या तळ्यांवरून येतात हे ऑरिनने मला सांगितले. उन्हाळा तिकडे, हिवाळा इकडे, आणि दोन्हीकडे घर. तो दुपारभर गच्चीवर दुर्बीण घेऊन बसायचा. मी खाली कपडे वाळत घालत असले की, इथल्या रीतीने नावाआधी मानाचे 'दोन्या' लावून, वरून सांगायचा, "दोन्या लाला, आज माझ्या गावची आणखी मंडळी आली." अशाच एका दुपारी तो बोलला नाही. वेर्ना कॉफी घेऊन वर गेली तेव्हा दुर्बीण मांडीत होती आणि मान खांद्यावर कलली होती. आकाशात पक्षी अजून उतरत होते.

त्यांच्या पद्धतीने शहरात नेऊन दहन झाले. अस्थी घरी आल्या. मुलगी किर्स्टन विमानाने आली. आणि त्या घराचे दार बंद झाले.

आमच्या गल्लीत दार बंद म्हणजे घरात कुणी नाही. ज्या घरी माणूस गेले त्या घराचे दार तर नऊ संध्याकाळी उघडे असते. माणूस जिथे निजवले होते तिथे जमिनीवर चुन्याचा क्रूस काढतात, भोवती फुले आणि मेणबत्त्या ठेवतात, आणि सगळी गल्ली येऊन जपमाळ म्हणते. प्रत्येक घरातून खुर्च्या येतात. दालचिनीची कॉफी असते, गोड पाव असतो. जपमाळ सांगायचे काम नीकाकडे. नीका सकाळी टोपलीतून तोर्तिया, मक्याच्या भाकऱ्या, विकते आणि संध्याकाळी मेलेल्यांना वाटेला लावते, असे तीच म्हणते. तिने खुर्च्या गोळा केल्या होत्या, दालचिनी भिजत घातली होती. ती माझ्याकडे आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"दोन्या लाला, दार बंद आहे."

मी म्हटले, दिसतेय मला.

"रोज टोपलीच्या तळातल्या गरम तोर्तिया काढून दिल्या मी तिला. वरच्या गार कधी दिल्या नाहीत. काय चुकलं आमचं?"

काही चुकले नाही, मी तिला समजावले. त्यांच्याकडे दुःखात माणसाला एकटे सोडतात. तो मान असतो त्यांचा.

नीकाने जरा विचार केला. "एकटं? मग तिकडे कुणाला शिक्षा द्यायची असेल तर काय करतात?"

 दार ठोठावायला ती धजेना, आणि खरे सांगायचे तर मीही नाही. शाळेत जोगिणींनी शिकवले होते की दुःखी माणसाला उपदेश करू नये आणि सोडूनही जाऊ नये. पण मधल्या जागेत नेमके कुठे उभे राहायचे ते सांगितले नव्हते.

ते नीकानेच ठरवले. आत जागा नाही तर बाहेर. पहिल्या दोन संध्याकाळी तशाच गेल्या होत्या, तिसरी तिने जाऊ दिली नाही. वेर्नाच्या बंद दारासमोर, गल्लीच्या दगडांवर, तिने चुन्याचा क्रूस काढला. चार कोपऱ्यांना मेणबत्त्या, मध्ये पिवळी फुले. आम्ही खुर्च्या मांडल्या. गॅसची गाडी वळणावर आली, थांबली, चालकाने टोपी काढली आणि गाडी मागे घेऊन तो दुसऱ्या गल्लीने गेला. संध्याकाळचा प्रकाश तळ्यावरून वर चढत होता, मधासारखा. त्या प्रकाशात आपलीच गल्ली मी कुठून तरी लांबून बघते आहे असे मला वाटले. जपमाळेचे शब्द एका खुर्चीवरून दुसरीवर जात होते, झोपेत माणसे कूस बदलतात तसे.

दार किलकिले झाले आणि किर्स्टन बाहेर आली. तिच्या डोळ्यांखाली काळे झाले होते. तिने मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारले, "आईकडून काही चूक झाली का? हे लोक कशाचा निषेध करताहेत?"

मी तिला सांगितले की निषेध नाही, प्रार्थना आहे, तुझ्या वडिलांसाठी. तिने मेणबत्त्यांकडे पाहिले. मग म्हणाली, बाबा तर कधी चर्चला जात नसत. मी म्हटले, म्हणून तर जास्त लागते. तिने ते विनोदाने घेतले की नाही कळले नाही. आई झोपली नाहीये, जरा हळू म्हणाल का, एवढे विचारून ती आत गेली. मी ते नीकाला सांगितले. नीकाने मान हलवली आणि आवाज इतका खाली आणला की शेवटच्या खुर्चीवरच्यांना ओठ बघून म्हणावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी किर्स्टन माझ्याकडे आली. तिने आईचे तिकीट काढले होते. घर विकायचे ठरले होते. ते मला आधी सांगावे असे तिला वाटले, आणि मी विरोध करीन या तयारीनेच ती आली होती.

"रात्री ती पडली तर?" तिने विचारले.

मी सांगितले की सकाळी तोर्तियाला दार उघडले नाही तर नीका ते फोडील.

"आणि सकाळपर्यंत?"

 ती बरोबर होती. मोठे इस्पितळ तासाभराच्या रस्त्यावर, आणि परक्या भाषेत माणसाला आपले दुखणे नीट सांगता येत नाही. पोट कुठे दुखते ते सांगता येते, कसे दुखते ते नाही. नातवंडे तिकडे. मी स्वतः विधवा आहे. मला कुणाच्या आईला अडवायचे नव्हते.

मग तिने विचारले की माझी मुले कुठे असतात. एक शिकागोत, एक सीमेवरच्या तिहुआनात. "मग तुम्ही का नाही गेलात मुलाकडे?"

"गेले होते," मी म्हटले. "शिकागोला, एक हिवाळा. सून चांगली आहे, सांगून सोय नाही इतकी चांगली. पण घरात हाक मारणारी माणसं वेगळी आणि रस्त्यावरून हाक मारणारी वेगळी. तिथे मला रस्त्यावरून कुणी हाक मारली नाही. वसंतापर्यंत मला माझंच नाव ओळखू येईनासं झालं."

 किर्स्टन मी दिलेली कॉफी पूर्ण प्यायली.

पाचव्या संध्याकाळी जपमाळ निम्म्यावर आली असताना दार पूर्ण उघडले. वेर्ना स्वयंपाकघरातली खुर्ची स्वतः उचलून बाहेर आली. पायात घरातल्या सपाता. कुणाकडे न बघता तिने खुर्ची रांगेच्या टोकाला ठेवली आणि बसली. कुणी थांबले नाही, कुणी वळून बघितले नाही. फक्त नीकाचा आवाज पुन्हा नेहमीच्या उंचीवर गेला. वेर्नाला शब्द येत नव्हते. ती ओठ हलवत होती, शेतावरून वारा जाताना कणसे हलतात तशी.

संपल्यावर नीकाने कॉफीचा पेला तिच्या हातात दिला. वेर्ना तिच्या मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाली, "मला वाटलं तुम्ही मला एकटीला सोडाल."

"का?" नीकाने विचारले. "तुम्ही काय केलंत असं?"

वेर्नाने माझ्याकडे पाहिले, नीट समजले का म्हणून. मी ते वाक्य इंग्रजीत सांगितले. तिने पेल्यात तोंड घातले आणि मग त्या दिवसांत प्रथमच रडली, मोठ्याने, सगळ्यांसमोर. लोकांनी पाव खाणे चालू ठेवले. तसेच करायचे असते.

त्यानंतर दार उघडेच राहिले. क्रूस मात्र नीकाने आत हलवू दिला नाही. एकदा काढला तिथूनच तो उचलायचा, नवव्या संध्याकाळी. वेर्नाने मला विचारले की कोण उचलतो. मी सांगितले: तुम्ही निवडाल ती चार माणसे. एक डोक्याकडून, दोघे हातांकडून, एक पायांकडून चुना झाडून घेतात, आणि त्या दिवसापासून बायका तुमच्या कोमाद्रे, पुरुष तुमचे कोम्पाद्रे होतात. रक्ताचे नसलेले, पण न तुटणारे नाते.

वेर्ना अस्वस्थ झाली. तिकीट तर काढलेले होते. नाते जोडून मी निघून गेले तर तो अपमान नाही का होणार, तिने नीकाला विचारले.

"जायचं तर जा," नीका म्हणाली. "माझं अर्धं गोत उत्तरेला, सीमेपलीकडे आहे. नातं काही दाराशी बांधलेलं नसतं. फक्त पाय तुमच्या लेकीला द्या. जाणाऱ्याचे पाय घरच्या माणसाने उचलावेत."

नवव्या संध्याकाळी डोके नीकाने घेतले, एक हात मी, एक हात गॅसच्या गाडीवाल्याने, कारण वेर्नाने त्यालाच मागितले. त्याने टोपी काढलेली तिने खिडकीतून पाहिली होती. किर्स्टन पायांशी गुडघे टेकून बसली. लहान कुंचल्यांनी आम्ही चुना आणि वाळलेली फुले एका खोक्यात झाडून घेतली. आमचे झाले तरी किर्स्टन थांबेना. चुना दगडांच्या फटींत गेला होता. ती केसातली पिन काढून एकेक कण उकरत होती.

"राहू दे पोरी," नीका म्हणाली. "थोडं राहतंच."

मी ते इंग्रजीत सांगितले, पण तिला आधीच कळले होते. तिने पिन खाली ठेवली आणि दोन्ही तळवे दगडांवर टेकवून बसून राहिली. वेर्ना तिच्याजवळ वाकली.

"किर्स्टन, मी या वेळी तुझ्याबरोबर येत नाही."

"माहीत आहे," किर्स्टन म्हणाली. तिने वर पाहिले नाही. "पण रात्री पडलीस तर?"

"तर पडेन. तिकडेही जमीनच आहे."

"हे उत्तर नाही झालं, आई."

"नाही," वेर्ना म्हणाली. "नाही झालं."

कुणी तिला खोटा दिलासा दिला नाही. नीकाने तिला हात देऊन उठवले आणि आता तूही आमच्यातली, असे म्हणून तिच्या कपाळावरचा चुना शालीच्या टोकाने पुसला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अस्थी आणि चुन्याचे खोके गावच्या दफनभूमीत ठेवले, आणि तिथूनच किर्स्टन विमानतळाकडे गेली. जाताना तिने माझा फोन नंबर घेतला. आई खरे सांगणार नाही, तुम्ही सांगा, असे बजावले. मी कबूल केले, आणि आमच्या रीतीचे कबूल नव्हे.

त्या संध्याकाळी गल्लीत खुर्च्या नव्हत्या. मी मागच्या दारी घेवडा निवडत बसले होते. वेर्ना आली. सांगून येणाऱ्यातली ती, पण त्या दिवशी नुसतीच आली.

"आज काय करतात?" तिने विचारले. "दहाव्या संध्याकाळी?"

"काही करत नाहीत. कुणी येत नाही. हीच अवघड असते."

ती समोरच्या घडवंचीवर बसली. मी थोडा घेवडा तिच्या पुढ्यात सारला. अंधार पडत होता, तळ्याकडून ओला वास येत होता, आणि दिवा लावायला आम्ही दोघींपैकी कुणी उठलो नाही. शेंगांचा आवाज तेवढा होत होता. इतकी वर्षे समोरासमोर राहून तिने मला एक गोष्ट कधी विचारली नव्हती. त्यांच्याकडे असे विचारत नाहीत.

"तुमच्या नवऱ्याचं नाव काय होतं?"

"एपिफानियो," मी म्हटले.

तिने ते म्हणून पाहिले. पहिल्यांदा चुकले. दुसऱ्यांदा, अगदी सावकाश, बरोबर आले.